लावलेली साखर आणि चिकटलेली साखर

प्रश्न थोडक्यात : नागपुरातल्या मनीषनगरच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे. वय ४६. रिपोर्टवर ‘ग्लायकोसायलेटेड हिमोग्लोबिन’ ६.८ टक्के, उपाशीपोटीची साखर १०४, जेवणानंतरची १३६, हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टर मधुमेहाच्या गोळीचं बोलले. बीएस्सीला असलेली मुलगी म्हणते, ‘आई, ग्लायकोप्रोटीनशिवाय तर पेशीच चालत नाही, ते वाढलं तर वाईट कसं?’ साखर सोडली तर ही प्रथिनं कमी होतात का? भावाच्या मुलाला सिकलसेल आहे, त्याचा काही संबंध आहे का? आणि शेजारणीने साडेतीन हजारांचा ‘आठ आवश्यक साखरां’च्या पावडरचा डबा दिला आहे, तो घ्यावा का?

उत्तर :

ताई, तुमची मुलगी बरोबर बोलते आहे आणि तुमचे डॉक्टरही. घोळ केलाय तो रिपोर्टवर छापलेल्या एका शब्दाने. मी बायोकेमिस्ट्रीत २७ वर्षं आहे, आधी सरकारी मेडिकल कॉलेजात आणि आता धंतोलीतल्या लॅबमध्ये. कबूल करतो, तो शब्द माझ्या लॅबच्या रिपोर्टवरही बरीच वर्षं तसाच छापला जात होता. जुना साचा होता, कुणी बदलला नाही.

प्रथिनाला साखर दोन तऱ्हांनी जोडली जाते. एक पेशी स्वतः लावते. कुठे, किती, कोणत्या क्रमाने हे ठरवून, एन्झाइमच्या हातून. तिला ग्लायकोसायलेशन म्हणतात आणि अशा प्रथिनांना ग्लायकोप्रोटीन. दुसरी साखर रक्तात फिरता फिरता प्रथिनाला आपोआप चिकटते. ती कुणी लावत नाही आणि कुणाला हवीही नसते. तिचं नाव ग्लायकेशन. कपाळावरचं कुंकू आणि उन्हातून आल्यावर कपाळावर बसलेली धूळ, दोन्ही कपाळावरच असतात, तसं हे. तुमचं ६.८ हे धुळीचं माप आहे. रिपोर्टवर खरं तर ‘ग्लायकेटेड’ हवं होतं.

गंमत म्हणजे हिमोग्लोबिन हे ग्लायकोप्रोटीन नाहीच. परीक्षेत मी हे विचारायचो आणि निम्मा वर्ग चुकायचा, कारण सगळ्यांच्या घरी तोच रिपोर्ट आलेला असायचा.

आधी चिकटण्याचं सांगतो, कारण तुमची काळजी तिथे आहे. ग्लुकोजचा रेणू बहुतेक वेळ वळून बंद कडं करून असतो, पण अधूनमधून उलगडतो. उलगडला की त्याचं एक टोक मोकळं होतं आणि प्रथिनाच्या अमिनो गटाला जाऊन धरतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या अगदी सुरुवातीला व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल आहे, तिथे हे बरंच घडतं. पहिली पकड सैल असते, सुटूही शकते. मग आतल्या आत रचना बदलते आणि ती पक्की होते. ही घटना तुम्ही स्वयंपाकघरात रोज पाहता. रोडग्याला निखाऱ्यावर जो लालसर पापुद्रा येतो, बासुंदी आटताना दूध जे बदामी होतं, त्याची सुरुवात हीच : साखर आणि प्रथिन, ताप आणि वेळ. शरीरात ताप ३७ अंशांचाच, म्हणून आठवडे लागतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर यांना मधुमेही रुग्णांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळा पट्टा दिसला. आज जगभर जी तपासणी होते तिचं मूळ तिथे आहे.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनवर जितकी साखर बसली, ती एचबीएवनसी (तुमच्या रिपोर्टवरचं ते ६.८) म्हणून आपण मोजतो. म्हणजे हा आकडा दोन गोष्टींवर अवलंबून : रक्तात साखर किती होती आणि पेशी किती दिवस फिरली. पहिली गोष्ट सगळे लक्षात ठेवतात. दुसरी विसरतात, आणि सिकलसेल बराच आढळणाऱ्या विदर्भात ती विसरून चालत नाही.

तुमचेच आकडे घ्या. ६.८ चा हिशोब केला तर सरासरी साखर १४८ च्या आसपास येते. तुमची उपाशीपोटी १०४ आणि जेवणानंतर १३६. मग १४८ आली कुठून? कुठलाच आकडा खोटा असेल असं नाही, पण हे तिन्ही एका माणसाचे वाटत नाहीत. असं झालं की मी सही करायच्या आधी हिमोग्लोबिन बघतो. तुमचं ९.२ आहे. या वयातल्या बायकांमध्ये मासिक पाळीचा रक्तस्राव वाढलेला असतो, लोह संपलेलं असतं आणि ‘थकवा आहे, उन्हाचा असेल’ म्हणून वर्षभर कुणी बघत नाही. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर साखरेचं औषध न घेताच हा आकडा खाली आलेला मी पाहिला आहे. म्हणून फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करून घ्या.

पण लगेच खूश होऊ नका, कारण १०४ वरही माझा पूर्ण विश्वास नाही. रक्त काढलं की नळीतल्या पेशी मरत नाहीत, त्या ग्लुकोज खात राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर अशीच जाते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. राखाडी झाकणाच्या नळीत फ्लोराइड असतं, पण त्याचा पूर्ण असर व्हायला तास-दोन तास जातात. तुमचं रक्त घरी येऊन नेलं असेल, मुलाने आणखी चार घरं केली असतील आणि महिना मे असेल, तर खरी ११८ ची १०४ व्हायला दोन तास पुरतात. नवतपाच्या दिवसांत आमच्याकडे एक मुलगा दुपारी दीड वाजता सकाळचे नमुने घेऊन आला. बर्फाची पिशवी कोमट झालेली. मी विचारलं, काहून रे एवढा उशीर? तर म्हणे, ‘सर, बर्डीवर ट्रॅफिक होता.’ त्या दिवशी सोळा जणांचं रक्त पुन्हा काढावं लागलं. तेव्हापासून साखरेचा नमुना लॅबमध्ये येऊनच द्या असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हीही सकाळी जाऊन तिथेच द्या, आणि जमलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणीही करा. गोळीचा निर्णय त्यानंतर डॉक्टरांसोबत बसून घ्या. हा कागद त्यांना दाखवायला माझी हरकत नाही.

आता सिकलसेल, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाने लाल पेशी विळ्यासारखी वाकण्याचा आजार. तुमच्या भाच्याला तो आहे म्हणजे भाऊ आणि वहिनी दोघंही वाहक असणार, निदान एक एक सदोष जनुक दोघांकडून आलेलं. भाऊ वाहक असेल तर तुम्हीही असण्याची शक्यता बरीच. वाहकांच्या लाल पेशी जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात, त्यामुळे एचबीएवनसी काढता येतो, पण लॅबची पद्धत एस, म्हणजे सिकलच्या सदोष, हिमोग्लोबिनने फसणारी नसावी. हे लॅबला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भाच्याचं मात्र वेगळं. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी १० ते २० दिवसांत फुटते, तिच्यावर साखर बसायला वेळच मिळत नाही. शिवाय एचबीएवनसी म्हणजे ‘ए’, म्हणजे नेहमीच्या, हिमोग्लोबिनवर बसलेली साखर, आणि दोन्ही जनुकं सिकलची असतील तर ‘ए’ हिमोग्लोबिनच नसतं. मुळात जे नाही त्यावरची धूळ कशी मोजणार? तरी असे रिपोर्ट निघतात. ४.१ टक्के, ‘उत्तम नियंत्रण’. विदर्भात काम करणाऱ्या प्रत्येक फिजिशियनने असा एखादा पाहिलेला असेल. अशा वेळी फ्रुक्टोसमिन करतात. त्यात मुख्यतः अल्ब्युमिनवर चिकटलेली साखर मोजली जाते आणि ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगते. पेशीच्या आयुष्याशी तिला घेणंदेणं नाही. अल्ब्युमिनही ग्लायकोप्रोटीन नाही, हे मुलीला सांगा. रक्तद्रवातली बहुतेक मोठी प्रथिनं साखरेच्या साखळ्या मिरवतात, आणि संख्येने सगळ्यात जास्त असलेलं अल्ब्युमिन मात्र बोडकं.

इथवर धूळ झाली. आता कुंकवाकडे येतो. मला खरं सांगायला आवडतं ते हेच.

पेशीच्या आत प्रथिन तयार होत असतानाच, म्हणजे अर्धं विणून झालेलं असताना, एक १४ साखरांचा तयार गुच्छ त्याच्यावर बसवला जातो. त्यात २ एन-ॲसिटाइलग्लुकोसमिन, ९ मॅनोज आणि ३ ग्लुकोज. तो बसतो ॲस्परजिन या अमिनो आम्लावर, आणि तेही त्याच्यानंतर एक घर सोडून सेरिन किंवा थ्रिओनिन असेल तरच. मधल्या घरात प्रोलिन आलं तर नाही. मुलीच्या पुस्तकात हे असेलच. पुस्तक जे नीट सांगत नाही ते हे की एवढं सजवून झाल्यावर पेशी लगेच तो गुच्छ छाटायला घेते. आधी दोन ग्लुकोज काढते. उरलेलं एक ग्लुकोज म्हणजे ‘अजून तपासणी चालू’ असा शिक्का. तो शिक्का असेपर्यंत कॅलनेक्झिन नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं, घडी नीट पडू देतं. मग तेही ग्लुकोज निघतं. घडी जमली असेल तर प्रथिन पुढे जातं. जमली नसेल तर एक एन्झाइम ते ओळखतं आणि ग्लुकोज पुन्हा लावून परत पाठवतं. वारंवार नापास झालेल्याला शेवटी मोडीत काढतात. ज्या ग्लुकोजला आपण घाबरतो त्याच्या एकेका रेणूचा पेशी असा शिक्क्यासारखा वापर करते.

पुढे गॉल्जी या पेशीतल्या पुढच्या विभागात छाटणी आणि नवी जोडणी होते, गॅलॅक्टोज, फ्युकोज आणि टोकाला बहुधा सायलिक आम्ल (तीही एक साखरच). काही साखळ्या सरळ सेरिन-थ्रिओनिनवर एकेक साखर करत बांधल्या जातात, त्यांचा रस्ता वेगळा. जी प्रथिनं पेशीच्या बाहेर जायची आहेत किंवा पेशीच्या अंगावर राहायची आहेत, ती या वाटेने जातात. हिमोग्लोबिन पेशीच्या आतच बनतं आणि आतच राहतं, या वाटेला येतच नाही. म्हणून ते बिनसाखरेचं.

टोकाच्या त्या सायलिक आम्लाची एक हकीकत ऐका. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गिल्बर्ट ॲशवेल आणि अनातोल मोरेल सेरुलोप्लाझ्मिन या तांबं वाहणाऱ्या प्रथिनावर काम करत होते. त्याच्या टोकाचं सायलिक आम्ल काढून त्यांनी ते सशाच्या रक्तात सोडलं. एरवी जे कितीतरी तास फिरत राहतं, ते काही मिनिटांत गायब झालं. सापडलं यकृतात. टोकाचं सायलिक आम्ल गेलं की खालचं गॅलॅक्टोज उघडं पडतं, आणि ते दिसलं की यकृताच्या पेशी प्रथिन उचलून घेतात.

याचा व्यवहारातला उपयोग डायलिसिसच्या रुग्णांना रोज होतो. मूत्रपिंड निकामी झालं की एरिथ्रोपोएटिन कमी पडतं आणि रक्त बनेनासं होतं. हे १६५ अमिनो आम्लांचं प्रथिन, पण वजनाच्या जवळजवळ ४० टक्के भाग साखळ्यांचा. साखळ्या नसतील तर ते काचेच्या नळीत काम करतं, माणसाच्या अंगात टिकत नाही. इन्सुलिन १९८२ पासून जिवाणूंकडून बनवून बाजारात येतंय, कारण त्याला साखळ्या लागत नाहीत. एरिथ्रोपोएटिन जिवाणूंकडून करून भागलं नाही, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशी वापराव्या लागल्या, कारण साखळ्या बांधायची यंत्रणा त्यांच्याकडे आहे. मग कुणीतरी विचार केला की तीन मोठ्या साखळ्यांनी हे टिकतं तर आणखी दोन जोडल्या तर? तसं केलं, आणि शिरेतून दिलेलं औषध रक्तात निम्मं व्हायला साडेआठ तासांऐवजी पंचवीस तास लागू लागले. तेच डार्बेपोएटिन. आठवड्यात तीनदा टोचून घेणाऱ्याला एकदाच टोचावं लागणं म्हणजे काय, ते त्याच्या हाताकडे बघून कळतं.

गरोदरपणाची पट्टीही याच गोष्टीवर चालते. पट्टी ज्या संप्रेरकाला ओळखते ते एचसीजी हे ग्लायकोप्रोटीन, वजनाच्या सुमारे ३० टक्के साखर. त्याच्या दोन भागांपैकी एक थायरॉइडच्या टीएसएचमध्ये आणि पाळी सांभाळणाऱ्या एलएच, एफएसएचमध्ये जसाच्या तसा असतो, म्हणून पट्टी दुसरा भाग ओळखते. एलएच तासाभरात ओसरतं, एचसीजी दिवसभर टिकतं, फरक मोठ्या प्रमाणात साखळ्यांचा.

आता रक्तगट. ए, बी, ओ म्हणजे लाल पेशीवरच्या प्रथिनांच्या आणि स्निग्धांच्या साखळ्यांचं टोक. टोकाला एन-ॲसिटाइलगॅलॅक्टोसमिन असेल तर ए. साधं गॅलॅक्टोज असेल तर बी. दोन्ही असतील तर एबी, काहीच लावलेलं नसेल तर ओ. ए आणि बी ची साखर लावणारी एन्झाइमं ३५४ अमिनो आम्लांची आणि फरक फक्त ४ ठिकाणी. ओ मध्ये सामान्यतः जनुकातलं एक अक्षर गळालेलं असतं आणि पुढचं सगळं वाचन बिघडतं. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये हे गट दाखवले आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण तेव्हा ही साखर आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, गुठळ्या होतात एवढंच दिसत होतं.

ओ म्हणजे ‘काहीच नाही’ असं म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. ओ च्या टोकाला फ्युकोज असतं, त्या रचनेला एच म्हणतात. ए आणि बी ची साखर याच एच वर बसते. हे फ्युकोजही नसेल तर? मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असं रक्त नोंदवलं आणि जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. भारतात साधारण १०,००० जणांत एक असं प्रमाण सांगितलं जातं. साध्या तपासणीत हे रक्त ओ सारखंच दिसतं. धोका तिथेच आहे, कारण अशा माणसाच्या रक्तात एच च्या विरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि त्याला ओ रक्तही चालत नाही, फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचं चालतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाळंतिणीचं रक्त आमच्याकडे ‘ओ’ म्हणून आलं. आधीच्या कागदावर ‘ओ पॉझिटिव्ह’ असा गोल शिक्का होता. उलट्या बाजूने, म्हणजे तिचा रक्तद्रव आणि माहीत असलेल्या पेशी घेऊन तपासलं तर ओ पेशींच्याही गुठळ्या. टेक्निशियनने तीनदा करून पाहिलं, मग मला बोलावलं. तिला रक्त द्यावं लागलं नाही, नशीब. पण ‘उलटं ग्रुपिंग नंतर करू, आधी बाटली पाठवा’ असं म्हणणाऱ्यावर मी तेव्हापासून चिडतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

ए चे उपप्रकार वेगळे करायला ब्लड बँकेत जे द्रव्य वापरतात, ते कुळथातून काढलेलं असतं. कुळथाच्या दाण्यात एक प्रथिन असतं जे ए ची साखर ओळखून धरतं. आपल्याकडे कोकणासारखं कुळथाचं पिठलं रोज होत नाही, पण ब्लड बँकेत कुळीथ आहे. अशा साखर धरणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. राजम्यातही असतं. राजमा कच्चा राहिला की उलट्या होतात त्या यामुळे, आतड्याच्या आतल्या पेशींवरच्या साखळ्यांना ते जाऊन चिकटतं. भिजवून पाणी फेका आणि खळखळून शिजवा.

फ्युकोज सिकलसेलमध्येही येतं, म्हणून पुन्हा भाच्याकडे वळतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं असतात. ती पांढऱ्या पेशींवरच्या फ्युकोज आणि सायलिक आम्ल असलेल्या साखळ्या पकडतात. त्यामुळे धावती पांढरी पेशी अडखळते, गडगडत जाते आणि जखमेपाशी थांबून बाहेर पडते. ही पकडच नसेल तर काय होतं ते १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांत दिसलं : अंगात कुठेच फ्युकोजच्या साखळ्या नाहीत, रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर, तरी संसर्ग थांबत नाही आणि पूही होत नाही. त्यांचा रक्तगट बॉम्बे निघाला. साध्या बॉम्बे गटाच्या माणसाला मात्र हा त्रास नसतो, त्याचं फक्त एच बनवणारं एन्झाइम बिघडलेलं असतं. सिकलसेलमध्ये उलटी तक्रार, पी-सिलेक्टिनची पकड जास्त होते, पेशी अस्तराला चिकटून बसतात आणि तो जीवघेणा दुखण्याचा झटका येतो. ही पकड अडवणारं क्रिझानलिझुमॅब नावाचं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं. पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि युरोपने २०२३ मध्ये मान्यता काढून घेतली. त्यामुळे कुणी भाच्यासाठी त्याचं नाव सांगितलं तर धावपळ करू नका. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं नेहमीचं औषध नियमित घेतो का, तेवढं बघा.

बाकीची कामं भराभर सांगतो. लाळेतला आणि जठरातला बुळबुळीतपणा म्युसिनचा, त्याच्या वजनात साखर निम्म्याहून जास्त. ती पाणी धरून ठेवते म्हणून घास सरकतो आणि जठराचं आम्ल जठरालाच खात नाही. सावजीचा रस्सा पचवण्याचं श्रेय आपण नागपूरकर स्वतःला देतो, थोडं या थराला द्यायला हरकत नाही. फ्लूचा विषाणू घशातल्या पेशींच्या सायलिक आम्लाला धरून आत शिरतो आणि बाहेर पडताना तेच कापतो. ओसेल्टामिविरची गोळी त्या कापणाऱ्या कात्रीला अडवते, म्हणून ती लवकर घेतली तरच कामाची. रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हॉन विलब्रँड घटकावरही ए-बी च्या साखळ्या असतात, आणि ओ गटाच्या लोकांत हा घटक साधारण २५ टक्के कमी आढळतो. ओ गटाच्या मुलीला नुसत्या सीमेवरच्या आकड्यावरून रक्तस्रावाचा आजार चिकटवू नये, हे मी दर वर्षी कुणाला तरी सांगतो. संधिवातात प्रतिपिंडांवरच्या साखळ्यांचं गॅलॅक्टोज कमी झालेलं असतं, हे १९८५ मध्ये दिसलं. आणि कर्करोगासाठी रक्तात मोजतात ते सीए १९-९ मुळात साखळीचंच टोक असल्यामुळे, ती साखळी जन्मतः न बनवणाऱ्या ५ ते १० टक्के लोकांत ते वाढतच नाही, रोग असला तरी.

आता तुमचा साखर सोडण्याचा प्रश्न. साखर, गूळ, सणाची संत्रा बर्फी कमी केली तर चिकटलेली साखर कमी होईल, आणि मधुमेह खरंच निघाला तर ती कमी करायलाच हवी. लावलेली मात्र तसूभरही कमी होणार नाही. तुम्ही एकादशी केली तरी यकृत ग्लुकोज बनवत राहतं आणि पेशीला साखळ्यांसाठी त्यातला चिमूटभर भाग लागतो.

तेच उत्तर पावडरीचं. त्या डब्यावरच्या आठ साखरा मी ओळखतो : ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, झायलोज, दोन ॲसिटाइलवाल्या आणि सायलिक आम्ल. साखळ्यांमध्ये त्या असतात, हे खरं. ‘आवश्यक’ मात्र नाहीत. आवश्यक तेव्हा म्हणतात जेव्हा शरीर स्वतः बनवू शकत नाही, आणि या सगळ्या साखरा आपल्या पेशी ग्लुकोजपासून करतात. कोरफडीचे वगैरे गोंद पोटात गेले तर आपल्याकडे ते तोडायचं एन्झाइमच नसतं. ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि आपल्या वाट्याला गॅस येतो.

एक अपवाद सांगितला नाही तर तुमची मुलगी मला पकडेल. साखळ्या बांधण्याची यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असण्याचे आजार आहेत. बेल्जियममध्ये याक याकेन यांनी १९८० मध्ये जुळ्या बहिणींत पहिल्यांदा नोंदवला. आता असे शंभराहून जास्त प्रकार माहीत आहेत. त्यातल्या एका दुर्मिळ प्रकारात ग्लुकोजच्या वाटेवरून मॅनोज बनवणारं एन्झाइम नसतं, आणि तिथे तोंडाने मॅनोज दिलं तर मूल खरोखर सुधारतं. सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात मात्र बिघाड एक पायरी पुढे असतो आणि तिथे मॅनोज देऊन काही होत नाही. शेजारणीच्या पावडरीचं पत्रक या पहिल्या प्रकाराच्या आधारावर उभं असतं. पण ते आजार लहानपणीच दिसतात, ट्रान्सफेरिन या रक्तातल्या लोह वाहणाऱ्या प्रथिनाच्या साखळ्या तपासून ओळखतात, आणि औषध ग्रॅममध्ये मोजून डॉक्टर देतात. ४६ व्या वर्षी शाळेत पाच तास उभं राहून शिकवणाऱ्या बाईला तो आजार नसतो.

डबा फोडला नसेल तर शेजारणीला परत द्या. फोडला असेल तर तिच्याशी भांडू नका, तिलाही कुणीतरी विकलेलाच असतो. साडेतीन हजार वाचले तर त्यात फेरिटिन आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) दोन्ही बसतात. सिकलची साधी सोल्युबिलिटी चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, मुलीचीही करून घ्या, तिचं लग्न ठरायच्या आधी. आणि साखरेचं रक्त या वेळी लॅबमध्ये जाऊन द्या, सकाळी आठच्या आत.